किल्लीमावशी आणि लोहद्वार

किल्लीमावशीचं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधली फट. डावीकडे शिंपी, उजवीकडे छत्र्या दुरुस्त करणारा, आणि मधल्या जागेत, जिथे माणूस आडवा झाला तर पाय रस्त्यावर यावेत, तिथे मावशी स्टुलावर ताठ बसायची. मागच्या भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांचे झुपके, मांडीवर चामड्याचा तुकडा, हातात कानस. वय एकसष्ट. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि तोही फक्त जवळचं बघायला. लांबचं बघण्यासारखं जगात फारसं काही आहे, असं तिला वाटत नसे.

डोक्यावर पाटी होती. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, तिच्या वडिलांच्या हातची: ‘आणा बंद, न्या उघडं.’ शेवटच्या अनुस्वारापाशी ब्रश निसटला होता, त्यामुळे ते टिंब बटाट्याएवढं झालं होतं. वडील गेले, दुकान तिच्याकडे आलं, आणि तेव्हापासून एक्केचाळीस वर्षांत एकही कुलूप बंदच्या बंद परत गेलं नव्हतं. लोक नातवंडांचे मार्क सांगतात तसं ती हे सांगायची, म्हणजे कुणी विचारलेलं नसताना. तिजोऱ्या उघडल्या, ट्रंका उघडल्या, व्हायोलिनची पेटी उघडली. एकदा एका नवरदेवाची सूटकेस उघडली. तिच्यात त्याची पँट होती आणि तो स्वतः टॉवेल गुंडाळून भर बारा वाजता दुकानासमोर उभा होता.

गिऱ्हाइकाशी गोड बोलणं तिच्या रक्तात नव्हतं. ‘किल्ली हरवली की डोकं?’ हे तिचं स्वागत. कुलपाशी मात्र ती फार लाडीगोडीने बोलायची. ‘लाजतंस काय? उघड बघू. शहाणं माझं ते.’ कुलूप उघडलं की ते गिऱ्हाइकाच्या पुढ्यात ठेवायचं आणि म्हणायचं, ‘आता माझ्यासमोर तुमच्या हाताने लावा, उघडा. मग न्या.’ हा तिचा नियम. गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली फिरत नाही तोवर काम झालं नाही.

आणखी एक सवय तिला वडिलांनी लावली होती. कुणाला शिकवताना कुलपाकडे बघत बसायचं नाही, त्याच्या बोटांकडे बघायचं. चूक नेहमी बोटांत असते. मावशीने ही शिकवण इतकी मनावर घेतली होती की माणूस समोर पेटला असता तरी तिने आधी त्याची बोटं पाहिली असती. ही सवय पुढे तिला चांगलीच भोवली.

रस्त्याच्या पलीकडे हार्डवेअरचं मोठं दुकान. मालकाला सगळी गल्ली खिळेराव म्हणायची. माणूस गोल, गोरापान आणि सदा दुखावलेला. मावशीच्या पाटीवर त्याचा दात होता, आणि खरं सांगायचं तर त्याची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती.

‘अहो, लोक माझ्याकडे कुलूप घ्यायला येतात आणि विचारतात, हे समोरच्या मावशीला उघडतं का?’ तो शिंप्याला सांगायचा. ‘काय उत्तर देऊ? उघडतं म्हटलं तर घेत नाहीत. नाही उघडत म्हटलं तर ती पाटी दाखवतात आणि हसतात!’

दोन वर्षं दोघं रस्त्याच्या दोन कडांवरून एकमेकांना फक्त खाकरून दाखवत होते.

मावशीचं घर दुकानापासून शंभर पावलांवर. पुढची खोली, स्वयंपाकघर, मागची खोली, आणि मागच्या खोलीसमोर बाथरूम. नवरा बस डेपोत घोषणा करायचा. तीस वर्षं मायक्रोफोनपुढे काढून निवृत्त झाला. माणूस अबोल, पण तोंड उघडलं की ‘चहा झाला’ हेसुद्धा अमुक नंबरची गाडी तमुक फलाटावर लागल्यासारखं वाटे. अदबशीर इतका की पाहुणा बाथरूमला जायला उठला की हा त्याच्या आधी उठायचा आणि पुढे होऊन दार उघडून द्यायचा. पाहुणे भारावून जायचे.

मुलगी हॉस्पिटलात नर्स. आणि जावई. दुसरं घर मिळेपर्यंत म्हणून तो मागच्या खोलीत आला आणि सहा वर्षं झाली तरी तिथेच होता. ‘मी व्हिडिओ गेम बनवतो,’ असं त्याने लग्नाआधी सांगितलं, तेव्हा मावशीने विचारलं होतं, ‘हो, पण काम काय करता?’

काम तो करत होता, हे मान्य केलं पाहिजे. चार वर्षं एकट्याने खपून त्याने एक साहसी खेळ बनवला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, हाणामारी त्याची. नाव ‘लोहद्वारापलीकडे’. एक मिशाळ वीर खजिना शोधायला भुयारात उतरतो. त्याच्या खांद्यावर एक पोपट, जो संकट आलं की ‘सावधान!’ म्हणतो. वाटेत हाडांचे सापळे तलवारी घेऊन येतात, दगड गडगडतात, आणि दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी ते भलंमोठं लोखंडी दार, डाव्या बाजूला सिंहाच्या तोंडाची पितळी मूठ. ते ढकलून आत गेलं की पुढे आणखी पाच टप्पे.

जगाने हा खेळ ज्या प्रकारे स्वीकारला त्याला स्वीकारणं म्हणत नाहीत. सापळे खेकड्यासारखे आडवे चालत. वीर उजवीकडे वळला की मिशा थोड्या वेळाने वळत. पोपट ‘सावधान!’ म्हणायचा, पण वीर खड्ड्यात पडून झाल्यावर. एवढं एक वेळ लोकांनी हसून सोडलं असतं, पण ते दार कुणालाच उघडेना. ज्या दीडएकशे माणसांनी खेळ घेतला ती सगळी दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी त्या दारापाशी उभी राहिली आणि तिथूनच घरी गेली. ‘या खेळात सगळ्यांत ठाम भूमिका दाराची आहे,’ असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, ‘माझ्या आजोबांनाही इतकं ढकललं असतं तर ते हलले असते.’ पाचांपैकी पाऊण तारा मिळाला.

जावई प्रत्येकाच्या खाली एकच उत्तर लिहायचा: ‘माझ्याकडे उघडतं.’

आणि त्याच्याकडे उघडायचंच! त्याने शंभर वेळा उघडून पाहिलं होतं. बायकोने उघडलं होतं. सासऱ्याने उघडलं होतं. मग जग असं का करतंय, हे त्याला कळेना. लोकांना तो गर्विष्ठ वाटला, त्याला लोक कटकारस्थानी वाटले, आणि दोन वर्षं तो मागच्या खोलीत पाठीत वाकून बसून राहिला. शेवटी त्याने खेळ फुकट वाटायला काढला.

फुकट म्हटल्यावर तो खिळेरावाच्या कॉम्प्युटरवर गेला. दुपारी गिऱ्हाईक नसतं. तो आठ दिवस त्या दारापाशी अडकला. नवव्या दिवशी खेळ कुणी बनवलाय हे त्याला कळलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की शिंप्याला रस्त्यापलीकडून दिसलं.

दोन वर्षांत पहिल्यांदाच खिळेराव रस्ता ओलांडून आला.

‘मावशीबाई, पाटीवर काय लिहिलंय?’

‘वाचता येत नाही का?’

‘येतं म्हणून तर आलो. आणा बंद. मी आणलंय.’

‘कुठाय?’ मावशीने हात पुढे केला.

‘हातात मावणारं नाही. दार आहे. लोखंडाचं. तुमच्या जावयाने केलेलं.’ आणि त्याने आवाज चढवून, छत्रीवाल्यापर्यंत पोचेल असा, सगळा किस्सा सांगितला. दीडशे माणसं, पाऊण तारा, आजोबा, सगळं. ‘आता तुम्ही म्हणाल, खेळातलं दार ते दार नव्हे. मग तसं पाटीवर लिहा. खाली बारीक अक्षरात.’

मावशीने कानस खाली ठेवली. जावयाला ती घरात काय वाटेल ते बोलायची, तो तिचा हक्क होता. पण हा माणूस रस्त्यात उभा राहून आपल्या जावयाच्या दारावर हसतोय?

‘शनिवारी संध्याकाळपर्यंत उघडून देते,’ ती म्हणाली. ‘नाही उघडलं तर पाटी माझ्या हाताने उतरवीन आणि तुमच्या दुकानात आणून टाकीन.’

‘मी काय करू तिचं?’

‘डुगडुगणाऱ्या कपाटाखाली घाला. तुमच्याकडे सगळीच डुगडुगतात.’

शिंप्याने गळ्यातली टेप सारखी केली आणि म्हणाला, ‘मी साक्षीदार.’ त्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी मावशी घरी आली ती थेट मागच्या खोलीत. ‘जावईबापू, ते दार दाखवा.’

‘आई, खरंच उघडतं ते.’

‘रडू नका. दाखवा.’

त्याने तिला खुर्चीवर बसवलं, कोणत्या बटणाने चालायचं, कोणत्याने ढकलायचं ते सांगितलं. मावशी पहिल्या अर्ध्या तासात अकरा वेळा खड्ड्यात पडली. दर वेळी पडून झाल्यावर पोपट भारदस्त आवाजात म्हणाला, ‘सावधान!’

बाराव्या वेळी मावशी थबकली. ‘हा आवाज...’ तिने मान वळवली. दारात नवरा उभा होता. ‘अहो, हा पोपट तुम्ही आहात?’

‘हो.’

‘कधीपासून?’

‘तीन वर्षं झाली. तू दुकानात होतीस.’

‘आणि मला सांगितलं नाहीत?’

‘तू विचारलं नाहीस.’

दोन दिवसांनी तिचा वीर सापळ्यांना चुकवत लोखंडी दारापाशी पोचला. मावशीने त्याला दारापुढे उभं केलं, बटण दाबलं, आणि दार करकरत उघडलं. पहिल्या झटक्यात!

‘ह्याला घाबरतं होय जग?’ ती म्हणाली आणि भाजी चिरायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रस्ता ओलांडून खिळेरावाच्या दुकानात शिरली, त्याला खुर्चीवरून उठवलं आणि त्याच्याच कॉम्प्युटरवर, त्याच्या नाकासमोर, दार उघडून दाखवलं. खिळेराव आ वासून बघत राहिला. मग त्याने खेळ मागे नेला, स्वतः खुर्चीत बसला, वीराला दारापाशी नेलं, ढकललं. दार ढिम्म.

‘बघा!’ तो ओरडला. ‘तुमच्या घरातल्यांनाच उघडतं. जावयाने काही तरी आतली सोय केली असणार.’

‘मी उघडून दाखवलं ना? संपलं.’

‘संपलं कसं? तुमचाच नियम आहे, मावशीबाई. गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली फिरली पाहिजे. मी गिऱ्हाईक. माझ्या हाताने उघडू दे, मग पाटी राहू दे.’

शिंपी म्हणाला, ‘नियम तर तोच आहे.’ मावशीने त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला. पण नियम तोच होता. स्वतःच्या शब्दात सापडल्यावर तिला कुरकुरायची सोय नव्हती.

मग शिकवणी सुरू झाली. रोज दुपारी मावशी खिळेरावाच्या शेजारी स्टूल टाकून बसायची आणि डोळे त्याच्या बोटांवर रोवायची. स्क्रीनकडे ती एकदाही बघत नसे. तो लांब होता, चष्मा जवळचा होता, आणि चूक बोटांतच असते हे ठरलेलं होतं.

‘ढकला.’

‘ढकलतोय.’

‘ढकलताय कसले, कुरवाळताय! बोट नीट रोवा.’

‘रोवलंय हो.’

‘तुमची बोटं खिळे मोजून मोजून मऊ पडलीत.’

‘आणि तुमची जीभ कानशीवर घासून घासून धारदार झालीय!’

‘ढकला!’

‘ढकलतोय!’

मध्येच मावशी त्याचा हात झटकून स्वतः बसायची, वीराला दोन पावलं मागेपुढे करायची, बटण दाबायची, आणि दार लोण्यासारखं उघडायचं. खिळेराव बसला की पुन्हा बंद. हे असं पंचवीस वेळा झालं. शिंप्याच्या मते हवामान असेल. छत्रीवाल्याच्या मते बटणाखाली धूळ असेल. जावयाला बोलावलं तर तो येईना. ज्या दुकानात आपल्या दारावर गल्ली हसते तिथे पाय ठेवणार नाही, असं त्याने उशीत तोंड खुपसून कळवलं.

शुक्रवारी मावशीने एक किल्ली चुकीची कापली. पोस्टातल्या कारकुनाची, साधी, कपाटाची. कारकून म्हणाला, ‘होतं कधी कधी.’ मावशीला ते फार लागलं. होतं कधी कधी, हे लोक तिच्याबद्दल कधी म्हणत नसत. कारकून गेल्यावर तिने स्टुलावर चढून पाटी पुसली. वडिलांनी पत्रा कसा ठोकलाय, स्क्रू किती गंजलेत, उतरवायचा तर कुठून सुरुवात करावी लागेल, हे तिचे हात आपोआप बघत होते. बटाट्याएवढ्या टिंबाशी आल्यावर तिने फडकं फेकून दिलं आणि खाली उतरली.

‘खिळेराव!’ ती रस्त्यापलीकडे ओरडली. ‘उद्या संध्याकाळी माझ्या घरी या. दार जिथे बनलं तिथेच बघते काय ते.’

शनिवारी पाच वाजता खिळेराव नवा शर्ट घालून आला. सोबत शिंपी, कारण साक्षीदार. जावई मागच्या खोलीच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. मुलीने ड्यूटीवर जाता जाता बजावलं होतं, ‘आई, भांडू नकोस,’ त्यामुळे मावशीने आधी चहा दिला. विजय जवळ आल्यामुळे असेल किंवा भीतीमुळे असेल, खिळेरावाने तीन कप चहा घेतला.

मग ढकलणं सुरू झालं. जावयाच्या कॉम्प्युटरवर, जावयाच्या बटणांवर. दार ढिम्म. सहा वाजले. शिंपी घड्याळाकडे बघून खाकरला.

‘तुम्हाला शिडी लागेल ना उतरवायला?’ खिळेराव म्हणाला. आवाजात चक्क माया होती, तेच मावशीला झोंबलं. ‘माझ्याकडची देतो. पण आधी जरा... बाथरूम कुठे?’

‘हे काय, समोर.’

नेहमी अशा वेळी नवरा पुढे व्हायचा. पण तो स्वयंपाकघरात दुधावर लक्ष ठेवून उभा होता आणि दूध वर आलं होतं. खिळेराव एकटाच गेला.

मावशी स्वतःच्या बोटांकडे बघत बसली. अशी पाच मिनिटं गेली, दहा गेली.

‘फार वेळ लागतोय,’ शिंपी म्हणाला.

‘तीन कप प्यायलाय,’ मावशी म्हणाली.

तेवढ्यात बाहेरून खिळेरावाचा दबका, अवघडलेला आवाज आला. ‘अहो, आत कोण आहे ते जरा लवकर आटपतील का?’

मावशीने माणसं मोजली. जावई इथे, शिंपी इथे, नवरा दुधापाशी, मुलगी हॉस्पिटलात. ‘आत कुणी नाहीये! जा ना!’

‘दार उघडत नाहीये!’

‘ढकला!’

‘ढकलतोय!’

‘जोरात ढकला!’

‘अहो, जोरातच ढकलतोय, मावशीबाई, आता विनोद नको!’

जावयाने गुडघ्यांवरून मान वर केली.

स्वयंपाकघरातून, तीस वर्षं मायक्रोफोनपुढे घडवलेल्या आवाजात, घोषणा झाली. ‘मूठ सोडा. उजव्या कडेला ढकला.’

पोपटाचा आवाज ऐकल्यावर खिळेरावाचं अंग आपोआप वागलं. आठ दिवस तो त्याच आवाजाच्या तालावर खड्ड्यात पडत होता. धाड्‌कन दार उघडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ सुटकेचा एक सुस्कारा, जो शेजारच्या घरातही ऐकू गेला असावा.

मागच्या खोलीत मावशी आणि जावई एकमेकांकडे बघत होते.

झालं होतं ते असं. बावीस वर्षांपूर्वी बाथरूममधलं बेसिन हलवलं. दार त्याच्यावर आपटायला लागलं, म्हणून सुताराने बिजागऱ्या उजवीकडच्या काढून डावीकडे लावल्या. मूठ डावीकडेच होती, ती आता उजवीकडे न्यायला हवी होती. सुतार म्हणाला, ‘मूठ बसवून देऊ का?’ मावशी म्हणाली, ‘माझ्या घरात मूठ तू बसवणार? ते माझं काम आहे. रविवारी करते.’ तो रविवार अजून यायचा होता. दार दमटपणाने फुगलेलं, मुठीपाशी रेटलं तर बैलालाही हलायचं नाही. पण उजव्या कडेला तळहात टेकवून ढकललं की उघडायचं. घरातल्या सगळ्यांचे हात तिकडेच जात. मूठ आहे हेच आता कुणाला दिसत नसे. पाहुण्यांसाठी नवरा होता. ती अदब नव्हती, ती आपत्कालीन व्यवस्था होती.

‘मी दार इथे बसून काढलं,’ जावई पुटपुटला. त्याच्या खुर्चीतून, उघड्या दारातून, समोर बाथरूमचं दारच दिसायचं. ‘खरं वाटावं म्हणून हुबेहूब काढलं. फक्त सिंहाचं तोंड माझ्या मनाचं. आणि ढकलायची जागा ठेवली उजव्या कडेला, एक वीतभर. दार तिथेच उघडतं ना... मला वाटलं, दारं अशीच असतात.’

‘दीडशे माणसं मुठीपाशी ढकलत होती,’ मावशी म्हणाली.

‘आणि मी त्यांना लिहीत होतो, माझ्याकडे उघडतं.’

खिळेराव हात पुसत आत आला. चेहऱ्यावर शांती होती. मावशीने त्याला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच शिकाऊ माणसाच्या बोटांवरून नजर काढून समोर बघितलं. वीर सिंहाच्या तोंडाशी नाक लावून उभा होता.

‘मूठ सोडा. उजव्या कडेला न्या.’

‘तिथे तर काही नाही.’

‘बाथरूमला तरी काय होतं? न्या.’

त्याने नेला. मिशा मागाहून पोचल्या. त्याने बटण दाबलं. दार करकरत उघडलं. शिंप्याने टाळ्या वाजवल्या, खिळेराव खुर्चीतून अर्धा उठला, त्या नादात वीर दोन पावलं जास्त पुढे गेला आणि दारामागच्या खड्ड्यात पडला.

‘सावधान!’ पोपट म्हणाला.

‘किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात फिरली,’ मावशी म्हणाली. ‘साक्षीदार?’

‘फिरली,’ शिंपी म्हणाला. ‘पाटी राहिली.’

खिळेरावाच्या डोक्यात सगळं हळूहळू जुळत गेलेलं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. ‘थांबा. म्हणजे एक्केचाळीस वर्षं जगाची दारं उघडणाऱ्या बाईच्या घरात...’

‘पुरे.’

‘स्वतःच्या घरातली एक मूठ...’

‘पुरे म्हटलं ना.’

‘बावीस वर्षं!’ तो इतका हसला की नव्या शर्टाचं बटण तुटलं. शिंप्याने ते उचलून खिशात टाकलं. हसू ओसरल्यावर खिळेराव डोळे पुसत म्हणाला, ‘पाटी राहू दे. गल्लीत बोलणारही नाही. पण मूठ आज, माझ्यादेखत बसली पाहिजे. आणि ती मूठ माझ्या दुकानातली.’

मावशीच्या जिभेवर चार उत्तरं आली. तिने चारही गिळली. खिळेराव धावत जाऊन पितळी मूठ घेऊन आला. मावशीने जुनी काढली, भोकं बुजवली, नवी उजवीकडे बसवली. सात मिनिटं लागली. नवरा दुधाचं भांडं हातात घेऊन बघत होता. ‘सात मिनिटं,’ तो म्हणाला, आणि ती घोषणा सगळ्या घरात घुमली.

‘तुमचं दूध बघा,’ मावशी म्हणाली.

खिळेराव शब्दाचा पक्का निघाला. गल्लीत तो बोलला नाही. शिंपी बोलला. पण तोवर दार उघडल्याची बातमीही पसरली होती, आणि दोन्हींची गोळाबेरीज मावशीच्या बाजूने झाली.

जावयाने आठवडाभरात खेळ दुरुस्त केला. चित्र बदलणं फार किचकट, म्हणून त्याने ढकलायची जागाच उचलून डावीकडे, सिंहाच्या मुठीखाली ठेवली. मग त्याने जगाला कळवलं की दार आता उघडतं. जग आत गेलं आणि आतले पाच टप्पे त्याने पाहिले. तिथे सापळे भिंतींतून चालत होते, खजिन्याची पेटी हवेत तरंगत होती आणि शेवटचा राक्षस वीराला न बघताच निघून जायचा. ‘दार बंद होतं तेव्हा निदान आत काही चांगलं असेल अशी आशा होती,’ असं एकाने लिहिलं. एक माणूस मात्र खेळ शेवटपर्यंत खेळला आणि त्याने दोन तारे दिले. ‘पोपट उत्तम,’ असं खाली लिहिलं. तो खिळेराव होता. नवऱ्याने ते तीन वेळा वाचायला मागितलं. जावई तर इतका सुखावला की पाठीत ताठ झाला आणि नव्या खेळाची जुळवाजुळव करू लागला. त्यात पूल आहे म्हणे. तो आता घरातलं काय बघून काढेल, या धास्तीने मावशीने ताबडतोब घरातल्या सगळ्या शिड्या तपासून घेतल्या.

मग एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मावशी रस्ता ओलांडून खिळेरावाच्या दुकानात गेली. तो गोदामात खिळे मोजत होता. कॉम्प्युटरवर खेळ सुरूच होता. वीर दारासमोर उभा होता. दुरुस्त झालेलं दार एकदा स्वतः उघडून बघावं, असं तिच्या मनात आलं. ती बसली, वीराला हलवलं, बटण दाबलं.

दार ढिम्म.

तिने पुन्हा दाबलं. बोट नीट रोवून दाबलं. दोन पावलं मागे, दोन पुढे, पुन्हा. तिचा हात बावीस वर्षांच्या सवयीने वीराला उजव्या कडेलाच नेत होता.

‘खिळेराव! तुमचं यंत्र बिघडलंय! दार उघडत नाहीये!’

‘माझ्याकडे उघडतं!’ गोदामातून उत्तर आलं. मग खिळ्यांचा डबा जमिनीवर सांडला, आणि मग आनंदाने फुटलेला आवाज. ‘मूठ, मावशीबाई! मूठ धरा, मूठ!’

‘ओरडू नका. मला दिसतंय.’

दिसत काहीच नव्हतं. चष्मा जवळचा होता. रस्त्यापलीकडे शिंपी टेप गळ्यात टाकून दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला होता. मावशीने एक डोळा आपल्या निळ्या पाटीवर ठेवला, स्क्रीनकडे वाकली, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, अगदी लाडीगोडीने म्हणाली, ‘लाजतंस काय? उघड बघू. शहाणं माझं ते.’